रोव्हर फिक्स होत नाही? शिवारात इंटरनेट जोडताना या चुका टाळा

रोव्हरचा, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या फिरत्या रिसीव्हरचा, पोल बांधाच्या कोपऱ्यावर उभा आहे, बुडबुडा मधोमध आहे, आकाश मोकळं आहे, तीसेक उपग्रह दिसतायत. तरी स्क्रीनवर ‘फ्लोट’ (अजून पक्की न झालेली जागा) हटत नाही, ‘फिक्स’ (सेंटिमीटरपर्यंत पक्की जागा) येत नाही. अशा वेळी रिसीव्हर चार वेळा बंद-चालू केला जातो आणि मोजणीचा अर्धा दिवस जातो. प्रत्यक्षात रिसीव्हर बहुधा ठणठणीत असतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स केंद्रांकडून (कायम एका जागी उभ्या असलेल्या रिसीव्हरांकडून) इंटरनेटवरून येणारं करेक्शन, म्हणजे जागेतली चूक सुधारणारी माहिती, वाटेत कुठेतरी अडलेलं असतं. ही वाट चार टप्प्यांची आहे: सिम किंवा मोबाईल, टॉवर, कास्टर (करेक्शन वाटणारा सर्व्हर) आणि माउंटपॉइंट (त्यावरच्या एकेका करेक्शनच्या धारेचं नाव). अडलंय कुठे, हे याच क्रमाने शोधा.

वेगाच्या मागे लागणं

‘इथे फाइव्ह-जी नाही, मग आरटीके कसं चालणार?’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. आरटीके म्हणजे करेक्शन घेत जागेवरच सेंटिमीटरपर्यंत मोजणी. करेक्शनला वेग लागतोच किती! जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि बायडू अशा चारही प्रणालींचं करेक्शन सेकंदाला एकदा आलं तरी ते साधारण अर्धा ते एक किलोबाइट भरतं. आठ तास सलग काम केलं तरी ३० एमबीच्या आसपास. दिवसाचा डेटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला तरी एवढी धार त्यातून आरामात जाते.

धार तुटली, की मात्र काम अडतं. म्हणून स्पीड टेस्टवर वेळ घालवू नका. फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसखाली सिग्नल स्ट्रेंग्थ बघा. उणे ९० डीबीएमच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे ११०च्या खाली गेला तर करेक्शन तुटक येईल असं धरून चाला. वरच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी गावात चार दांड्या असूनही टॉवर इतका तुंबलेला असतो की डेटा सरकत नाही.

गावाच्या कडेला फोन फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्ये सारखा उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला करेक्शन काही सेकंद थांबतं. प्रेफर्ड नेटवर्कमध्ये फोर-जी पक्कं करून टाका.

रिसीव्हरच्या मोडेमला न चालणारं सिम

जुन्या रिसीव्हरमध्ये थ्री-जी मोडेम असतो आणि त्यात जिओचं सिम घातलं जातं. जिओकडे टू-जी किंवा थ्री-जी नाहीच, त्यामुळे ते सिम तिथे कधीच नोंदणार नाही. एअरटेलनेही थ्री-जी बंद केलं आहे, टू-जी ठेवलं आहे. जुना मोडेम टू-जीवर चालतो, पण तिथे करेक्शन अडखळत येतं. असा रिसीव्हर असेल तर त्याच्या मोडेमचा नाद सोडा आणि मोबाईलचं इंटरनेट वापरा.

मोडेम फोर-जी असला तरी त्याचे बँड तपासा. परदेशातून आणलेल्या किंवा सेकंड-हँड घेतलेल्या यंत्रात ही अडचण हमखास येते. जिओचं फोर-जी ३, ५ आणि ४० या बँडवर चालतं. यातला ५ क्रमांकाचा, म्हणजे ८५० मेगाहर्ट्‌झचा बँड सर्वात लांब पोचतो, आणि गावापासून दूरच्या शिवारात तोच उपयोगी पडतो. मोडेममध्ये तो नसेल तर त्याच जागी तुमच्या फोनला रेंज दिसेल आणि रिसीव्हरला दिसणार नाही.

सिम घालताना रिसीव्हर बंद ठेवा. चालू यंत्रात घातलेलं सिम बरीच यंत्रं ओळखत नाहीत. सिमचा पिन लॉक आधी फोनमध्ये घालून काढून टाका. मायक्रो सिमच्या खाचेत नॅनो सिम नुसतं सरकवू नका, आणि अडॅप्टर वापरलात तर तो जोर लावून ओढू नका. त्याची कड आतल्या पिनांमध्ये अडकते आणि खाच कायमची निकामी होते.

एपीएन, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटच्या दाराचं नाव, हाताने भरावा लागतो. जिओसाठी ‘जिओनेट’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’, व्हीआयसाठी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आणि एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, हे सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. युजरनेम आणि पासवर्ड रिकामे ठेवा. कास्टरचा पासवर्ड इथे भरणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

१३ अंकी एमटूएम (यंत्रांसाठीचं) सिम घेतलं असेल तर ते बहुतेक वेळा ठरावीक पत्त्यांपुरतंच उघडं असतं. कास्टरचा आयपी आणि पोर्ट कंपनीला कळवून उघडून घ्या. नाहीतर नेटवर्क पूर्ण दिसेल, पण जोडणी होणार नाही.

आणि अँटेना! वेगळी जीएसएम (मोबाईल नेटवर्कची) अँटेना असलेल्या यंत्रात रेडिओची यूएचएफ अँटेना लावून दिवसभर रेंज शोधणारे लोक आहेत. दोन्हींवर रंगीत टेप गुंडाळून ठेवा.

हॉटस्पॉट आणि वायफायचा गोंधळ

फोनवरून इंटरनेट देणं सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

पहिला घोळ: कंट्रोलर (रिसीव्हर चालवणारं हातातलं यंत्र) म्हणून वापरलेला अँड्रॉइड फोन रिसीव्हरच्या वायफायला जोडला जातो. त्या वायफायवर इंटरनेट नसतं. फोन मात्र वायफायलाच इंटरनेट समजून बसतो आणि मोबाईल डेटा बाजूला ठेवतो. म्हणून रिसीव्हर ब्लूटूथने जोडा, वायफाय पूर्ण बंद ठेवा आणि एनट्रिप (इंटरनेटवरून करेक्शन आणण्याची पद्धत) लॉगिन फोनमधल्या ॲपवरून करा. जिथे जमेल तिथे हीच जोडणी ठेवा. सर्वात कमी कटकटीची आहे.

दुसरा: हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर असतो आणि जुन्या कंट्रोलरला फक्त २.४ समजतो. यादीत नावच दिसत नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडा. आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू करा.

तिसरा: कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट काही मिनिटांनी आपोआप बंद होतो. कंट्रोलरची बॅटरी बदलेपर्यंत तो गेलेला असतो. ‘टर्न ऑफ ऑटोमॅटिकली’ हा पर्याय बंद ठेवा आणि बॅटरी सेव्हरही काढा.

चौथा पटकन लक्षात येत नाही. दोन सिमच्या फोनमध्ये डेटा पहिल्या सिमवर असताना दुसऱ्या सिमवर कॉल आला, तर बऱ्याच फोनमध्ये कॉल संपेपर्यंत डेटा थांबतो. शेतकरी पत्ता विचारायला फोन करतो आणि तिकडे रोव्हरचा फिक्स जातो. मोजणीच्या फोनमध्ये एकच सिम ठेवा.

एप्रिल-मेमध्ये विदर्भात फोन उन्हात पोलवर अडकवला की तापतो आणि हॉटस्पॉट बंद पडतो. त्याला सावलीत, पांढऱ्या कापडाखाली ठेवा.

कास्टर काय सांगतोय ते न वाचणं

इंटरनेट आहे पण करेक्शन नाही, अशा वेळी ॲपमधला लॉग उघडा. ‘४०१’ दिसला तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकला आहे. करेक्शनऐवजी केंद्रांची यादी, म्हणजे सोर्सटेबल, परत आली तर माउंटपॉइंटचं नाव चुकलं आहे. या नावात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून ते टाइप न करता यादीतून निवडा. ‘आयसीवाय २००’ आलं म्हणजे दार उघडलं.

काहीच उत्तर नसेल तर पोर्ट तपासा. एनट्रिपचा नेहमीचा पोर्ट २१०१ आहे, पण सगळे कास्टर तोच वापरत नाहीत. नोंदणी केलेल्या पोर्टलवर दिलेलाच भरा.

एका लॉगिनवर एकच रोव्हर चालतो असं समजा. दोन टीमनी एकच युजरनेम वापरलं की दोघी एकमेकींना आळीपाळीने बाहेर काढत राहतात. जोडणी तुटल्यावरही जुनं सत्र कास्टरवर थोडा वेळ जिवंत राहतं. सतत ‘कनेक्ट’ दाबू नका, दोन मिनिटं थांबून पुन्हा जोडा.

दार उघडलं आणि तरी बाइट शून्यच, तर जीजीए (रोव्हरने स्वतःची जागा कळवण्याचा संदेश) बघा. व्हीआरएस (रोव्हरजवळ आभासी केंद्र धरून करेक्शन देण्याच्या) पद्धतीत रोव्हरने आपली जागा कळवल्याशिवाय कास्टर करेक्शन तयारच करत नाही. जीजीए पाठवणं चालू करा, अंतर ५ ते १० सेकंद. यंत्राला निदान साधी पोझिशन मिळू द्या आणि मगच जोडा.

बाइट येतायत पण ‘सिंगल’च (करेक्शन न लागलेली साधी जागा) राहतंय, तर भाषा जुळत नाही. जुन्या रिसीव्हरला १००४ आणि १०१२ हे आरटीसीएम (करेक्शनच्या ठरावीक भाषेतले) संदेश कळतात. १०७४, १०८४, १०९४, ११२४ हे नवे एमएसएम संदेश कळत नाहीत. जुन्या स्वरूपाचा माउंटपॉइंट असेल तर तो निवडा, नसेल तर फर्मवेअर अद्ययावत करा.

करेक्शनचं वय न बघता पॉइंट घेणं

ही चूक सर्वात महागात पडते, कारण चूक झाली हे जागेवर कळत नाही. स्क्रीनवर ‘एज’ किंवा ‘डिफरन्शियल एज’ असा आकडा असतो. नेट नीट असताना तो १, २, १, २ असा खेळतो. नेट गेलं की ७, १५, २८ असा चढत जातो. यंत्र मात्र काही काळ जुन्या करेक्शनवर ‘फिक्स’च दाखवत राहतं. त्या २८ला हद्दीचा दगड नोंदवला, तर त्याच्या सेंटिमीटरची हमी राहिलेली नसते. हद्दीच्या वादात हा आकडा कोर्टापर्यंत जाऊ शकतो.

सॉफ्टवेअरमध्ये नोंदणीच्या मर्यादा घाला: फक्त फिक्स, एज ५ सेकंदांपर्यंत, आडवी अचूकता २ सेंटिमीटर, किमान १० इपॉकची (एकेका क्षणाच्या नोंदींची) सरासरी. नेट जाऊन परत आलं की पुढे जाण्याआधी एखादा ज्ञात पॉइंट पुन्हा मोजा.

रेंज येईलच या भरवशावर निघणं

भोर, पोलादपूरच्या दऱ्या, मेळघाट, भामरागड इथे काही ठिकाणी कुठलंच सिम चालणार नाही. आदल्या दिवशी दोन कंपन्यांची सिम घेऊन शिवार पायी फिरा आणि रेंजच्या जागा नकाशावर टिपा.

रेंज फक्त टेकडीवर असेल तर तिथे कॉर्सवरून एका पॉइंटचा पक्का निर्देशांक घ्या, त्यावर बेस (एका जागी उभा राहून करेक्शन पाठवणारा स्वतःचा रिसीव्हर) उभा करा आणि खाली दरीत यूएचएफ रेडिओने काम करा. फ्रिक्वेन्सीची परवानगी आहे ना, ते आधी बघा. स्वतःच्या बेसला सिम घालून रोव्हर थेट त्याच्या आयपीला जोडायचा प्रयत्न मात्र करू नका. मोबाईल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी अनेकांना वाटून देतात, त्यामुळे बाहेरून बेसपर्यंत पोचता येत नाही. मध्ये कास्टर हवाच.

टेकडीही नसेल तर नेटशिवाय काम करा. दोन कंट्रोल पॉइंटवर ट्रायपॉड लावून एक सेकंदाच्या अंतराने कच्चा डेटा नोंदवा. जवळचं कॉर्स केंद्र २० किलोमीटरच्या आत असेल तर किमान अर्धा तास, लांब असेल तर जास्त. अँटेनाची उंची सुरुवातीला आणि शेवटी मोजून लिहा, उभी की तिरपी तेही लिहा. सुरू-बंद केल्याची वेळ टिपा. ऑफिसात त्या वेळेचा केंद्राचा राइनेक्स (कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरला चालणाऱ्या स्वरूपातला) डेटा मागवून प्रोसेस करा आणि उरलेले तपशील त्या दोन पॉइंटवरून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) उचला.