जर्मन क्रियापद चालवायचं कसं, मराठीवरून

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ‘पठ् धातू चालवा’ म्हटल्यावर पठामि, पठसि, पठति आपोआप तोंडात येतं. जर्मनची नियमित क्रियापदं याच पद्धतीने चालतात. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, त्यामुळे पठति मधला ‘ति’ आणि जर्मनमध्ये ‘तो’ला लागणारा ‘ट’ मुळात एकच आहेत.

ठाण्याला नौपाड्यात माझ्याकडे जर्मन शिकायला येणाऱ्यांत नर्सिंग झालेल्या मुली आणि आयटीआय केलेले तरुण बरेच असतात. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर चौकशी वाढलीच आहे. यातल्या अनेकांच्या हातात प्रत्ययांचा तक्ता असतो आणि तो घोकून झालेला असतो. तरीही बोलायला उभं केलं की अडतात. म्हणून मी तक्ता बाजूला ठेवायला लावते आणि मराठीवरून सुरुवात करते.

आधी धातू काढा. ‘शिकणे’ मधून ‘णे’ काढलं की ‘शिक’ उरतं, तसं ‘लेर्नन’ मधून शेवटचा ‘अन’ काढला की ‘लेर्न’ उरतं. मग प्रत्यय लावा:

मी: इश लेर्नं
तू: डू लेर्न्स्ट
तो, ती, ते: एर, झी, एस लेर्न्ट
आम्ही, आपण: वीर लेर्नन
तुम्ही (घरचे, मित्र, एकापेक्षा जास्त): ईर लेर्न्ट
ते सगळे: झी लेर्नन
तुम्ही (आदराने): झी लेर्नन

‘इश लेर्नं’ वरचा अनुस्वार नाकात म्हणू नका. ‘केलं’, ‘झालं’ बोलताना शेवटी जो किंचित लांबवलेला ‘अ’ येतो, तोच इथे हवा. हिंदी माध्यमातून आलेली मुलं इथे ‘ए’ म्हणतात, मराठी मुलांना हा उच्चार फुकट मिळतो.

आणखी एक गोष्ट फुकट मिळते. मराठीत मुलगा ‘शिकतो’ म्हणतो, मुलगी ‘शिकते’ म्हणते. जर्मन क्रियापदाला लिंगाशी देणंघेणं नाही, दोघंही ‘इश लेर्नं’च म्हणतात. शिवाय ‘मी शिकते’ आणि ‘मी शिकतेय’ या दोन्हींना हेच एक रूप पुरतं.

आता मराठी जिथे दगा देते तिथे थांबू या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिली जागा ‘तुम्ही’. आपण मैत्रिणींच्या घोळक्यालाही ‘तुम्ही’ म्हणतो आणि सासऱ्यांनाही. जर्मनमध्ये ही दोन वेगळी माणसं आहेत. घोळक्याला विचारायचं, ‘वो वोन्ट ईर?’ अनोळखी माणसाला, डॉक्टरांना, ऑफिसातल्या साहेबांना विचारायचं, ‘वो वोनन झी?’ दोन्हीचा अर्थ ‘तुम्ही कुठे राहता?’ असाच. समोर एकच आदरणीय व्यक्ती असताना ‘ईर’ वापरलं तर ऐकणारा आजूबाजूला आणखी कोण उभं आहे ते शोधेल. आदराचं ‘झी’ एकाला आणि अनेकांना सारखंच चालतं, आणि लिहिताना त्याचं पहिलं अक्षर नेहमी मोठं काढतात.

दुसरी जागा याहून लपलेली. आपण ‘बाबा काम करतात’, ‘डॉक्टर विचारतात’ असं म्हणतो, म्हणजे माणूस एक, पण आदरासाठी क्रियापद अनेकवचनी. हीच सवय जर्मनमध्ये शिरते आणि ‘डेअर आर्त्स्ट फ्रागन’ असं वाक्य तयार होतं. जर्मनमध्ये ज्याच्याविषयी बोलतो तो कितीही मोठा असला तरी एकटा असेल तर क्रियापद एकवचनी. ‘डेअर आर्त्स्ट फ्राक्ट’ आणि ‘माइन फाटर आर्बाइटेट’ हेच बरोबर. यात बाबांचा अपमान मुळीच नाही. वॉर्डात डॉक्टरांविषयी सतत बोलावं लागणार असलेल्या मुलींकडून मी हे पुन्हा पुन्हा म्हणून घेते.

तिसरी जागा म्हणजे ‘झी’ स्वतः. ‘ती’, ‘ते सगळे’ आणि आदराचं ‘तुम्ही’ या तिघांनाही बोलताना ‘झी’च. मग कळायचं कसं? क्रियापदाकडे बघून. ‘झी वोन्ट इन ऐरोली’ म्हणजे ती एकटी राहते. ‘झी वोनन इन ऐरोली’ म्हणजे ते सगळे राहतात किंवा तुम्ही राहता. पुढचा भेद संदर्भावरून होतो. प्रत्ययाचा उच्चार शेवटपर्यंत स्वच्छ करा, असा माझा आग्रह असतो तो यासाठीच.

उच्चारासाठी धातूत थोडी डागडुजी करावी लागते. ‘आर्बाइटन’चा धातू ‘आर्बाइट’. त्याला सरळ ‘स्ट’ लावला तर म्हणताच येत नाही, म्हणून मध्ये ‘ए’ येतो: डू आर्बाइटेस्ट, एर आर्बाइटेट, ईर आर्बाइटेट. धातूच्या शेवटी ट किंवा ड असेल तर हे नेहमी करायचं, जसं वार्टन (वाट पाहणे), रेडन (बोलणे). शेवटी म किंवा न असून त्याआधी दुसरं व्यंजन असेल तरीही हेच: रेश्नन (हिशेब करणे) चं डू रेश्नेस्ट. पण ते आधीचं व्यंजन र किंवा ल असेल तर ‘ए’ नको, म्हणून लेर्न्स्ट. उलट धातूच्या शेवटी स किंवा त्स असेल तर ‘डू’ला फक्त ‘ट’ पुरतो: डू टान्त्स्ट (तू नाचतोस), डू हाइस्ट (तुझं नाव अमुक). त्यामुळे इथे तू आणि तो यांची रूपं सारखी होतात. झामेल्न (गोळा करणे) सारख्या क्रियापदांत ‘मी’चं रूप आखडतं: इश झाम्लं.

फ्रागन मधला ‘ग’ मात्र ‘ट’ लागला की ‘क’ होतो: फ्राक्ट. लिहिताना अक्षर बदलत नाही, बदलतो तो फक्त उच्चार.

भूतकाळाला लोक उगाच घाबरतात. बोलण्यात मुख्यतः एकच रचना लागते: धातूच्या आधी ‘गे’, शेवटी ‘ट’, आणि सोबत हाबन (जवळ असणे) चं रूप. इश हाबं, डू हास्ट, एर हाट, वीर हाबन, ईर हाप्ट, झी हाबन. हाबन स्वतः अनियमित आहे, ते पाठच करा. वाक्य असं: ‘इश हाबं गेस्टर्न इन वाशी गेआर्बाइटेट’, काल मी वाशीत काम केलं. मुख्य क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, आणि आपलं तर कायमच शेवटी असतं, त्यामुळे इंग्रजीतून विचार करणाऱ्यापेक्षा मराठीतून विचार करणाऱ्याला हे लवकर जमतं.

‘गे’ कुठे लागत नाही ते लक्षात ठेवा. बे, फेर, एर, एन्ट, त्सेर यांनी सुरू होणाऱ्यांना नाही: बेझूख्ट (भेट दिली), फेरकाउफ्ट (विकलं). ‘ईरन’ने संपणाऱ्यांनाही नाही: श्टुडीर्ट, टेलेफोनीर्ट. आइनकाउफन (खरेदी करणे) सारख्या सुट्या होणाऱ्या क्रियापदांत ‘गे’ मध्ये जाऊन बसतो: आइनगेकाउफ्ट. एका जागेहून दुसरीकडे जाण्याच्या काही क्रियापदांना हाबन ऐवजी झाइन (असणे) लागतं, ‘मी’ला त्याचं रूप बिन: ‘इश बिन नाख पुणे गेराइस्ट’, मी पुण्याला प्रवास केला. लेखी भाषेत ‘इश लेर्न्टं’ असं साधं भूतकाळी रूपही दिसेल. ते वाचता आलं की सुरुवातीला पुरे.

सराव कसा करायचा? सुटी रूपं म्हणू नका, पूर्ण वाक्य करा आणि त्यात खरा माणूस घाला. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये माझ्या विद्यार्थिनी हे करतात: दोन स्टेशनांच्या मध्ये एक क्रियापद. ऐरोली ते रबाळे वोनन, रबाळे ते घणसोली आर्बाइटन, घणसोली ते कोपरखैरणे काउफन, पुढे तुर्भ्यापर्यंत वार्टन. प्रत्येकाची सहा वाक्यं: स्वतःविषयी, शेजारी बसलेल्या मैत्रिणीला ‘डू’ म्हणून, बाबांविषयी एकवचनात, आपल्या सगळ्यांविषयी, मैत्रिणींच्या घोळक्याला ‘ईर’ म्हणून, आणि समोर बसलेल्या काकूंना आदराच्या ‘झी’ने प्रश्न. मग तीच वाक्यं ‘गेस्टर्न’ लावून भूतकाळात.

वहीत मात्र नियमित आणि अनियमित क्रियापदं एकाच पानावर लिहू नका. फारन (वाहनाने जाणे) चं ‘एर फेर्ट’ होतं, श्प्रेशन (बोलणे) चं ‘एर श्प्रिश्ट’, म्हणजे धातूतला स्वरच बदलतो. त्यांना वेगळं पान द्या आणि प्रत्येकापुढे ‘एर’चं रूप लिहा. नियमितांच्या पानावर फक्त मूळ क्रियापद आणि मराठी अर्थ पुरतो, बाकी सगळं तुम्हाला स्वतः तयार करता यायला हवं.