आधी कुलूप, मग प्रोब

शिरपूर-चोपडा पट्ट्यातल्या मेडिकल ऑफिसरांना खाटेजवळची सोनोग्राफी शिकवायला मला बोलावतात, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते: मशीन कुठंय? उत्तर बहुधा एकच असतं. सोनोग्राफीच्या खोलीत, कुलपात. किल्ली रेडिओलॉजिस्टकडे, आणि ते आठवड्यातून दोनदा येतात. कॅज्युअल्टीत धाप लागलेला म्हातारा नि वीस पावलांवर बंद दार.

लोक इथं कायद्याला शिव्या घालतात. मी घालत नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा उगाच कडक नाही. फक्त छाती बघायला आणलेलं मशीनही त्यातून सुटत नाही. म्हणून शिबिराची तारीख ठरवण्याआधी कागद करा. मशीन कुठं ठेवणार, कोण वापरणार, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला लेखी द्या आणि मंजुरी हातात घ्या. सोनोग्राफी क्लिनिकसाठी एमबीबीएस डॉक्टरला २०१४ चे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम आहेत. माझे दोन दिवस त्याची जागा घेत नाहीत. हे मी पहिल्या चहालाच सांगून टाकते.

आता शिकवणं. पहिल्या दिवशी पेशंट नाही. एकानं कॉटवर झोपायचं, दुसऱ्यानं त्याच्या छातीवर प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, धरायचा. नॉर्मल फुप्फुस डोळ्यात बसलं नसेल तर बिघडलेलं ओळखणार कसं? प्रोब पेनासारखा धरा, करंगळी पेशंटच्या अंगावर टेकलेली. प्रोबवरची खूण पेशंटच्या डोक्याकडे. "मॅडम, काहीच दिसत नाही," असं कुणीतरी म्हणतंच. दहातल्या आठ वेळा जेल कमी असतं.

दोन बरगड्यांच्या सावल्या शोधा, त्यांच्या मधोमध खाली एक चकचकीत रेघ दिसेल. ती प्लुरा, फुप्फुसावरचं आवरण. श्वासाबरोबर ती सरकते, जणू मुंग्यांची रांग चाललीय. सरकत असेल तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा, नाही. सरकत नसेल तर हवा काढायला लगेच सुई उचलू नका. जुन्या टीबीनं चिकटलेली छातीही तशीच गप्प असते, आणि आमच्याकडे जुना टीबी घरोघरी. रेघेपासून खाली पडद्याच्या तळापर्यंत उतरणारे उजेडाचे पट्टे म्हणजे बी लाइन्स. एका फटीत तीन किंवा जास्त दिसल्या तर फुप्फुसात पाणी किंवा सूज आहे, असं धरून पुढे विचार करायचा.

दुसऱ्या दिवशी पोट, तेही एकच जागा: उजवीकडे, यकृत आणि किडनीच्या मधली फट. तिथं काळी पट्टी म्हणजे मोकळं पाणी, अपघातात बहुधा रक्त. यकृताचं खालचं टोक दिसेपर्यंत प्रोब हलवा, पुष्कळदा पाणी आधी तिथंच साचतं. काही दिसलं नाही म्हणजे सुटलो असं नाही. अर्ध्या तासानं परत बघा.

डावी बाजू अवघड. मोटरसायकलवरून पडलेल्या एका पोऱ्याच्या डाव्या बाजूला काळं दिसलं, मी घाईनं धुळ्याला पाठवला. रक्त नव्हतं. पडायच्या आधी त्यानं दोन ग्लास उसाचा रस प्यायला होता, तो जठरात होता. तेव्हापासून डावी बाजू मी शेवटी शिकवते, आणि हा किस्सा सांगूनच.

शिबिर संपल्यावर मशीन पुन्हा कपाटात जातं, ते बहुतेक वेळा भीतीपोटी: चुकलो तर विचारायचं कुणाला? म्हणून मी एक साधी वही लावते. तारीख, प्रश्न काय होता, काय दिसलं, नंतर काय निघालं. क्लिप मशीनमध्येच साठवायची. मी महिन्यातून एकदा येऊन वहीशेजारी लावून बघते. शेवटचा रकाना रिकामा दिसला की मी त्या डॉक्टरला फोन करते. नातेवाईक मागून डोकावून विचारतात, "डाक्टर, फोटूमा काय दिखस?" पडदा त्यांच्याकडे वळवा, फुप्फुस दाखवा. पेशंट गरोदर बाई असेल तर पडदा वळवायचा नाही, आणि आधी एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा कायद्यानं लागणारा नोंदीचा कागद.