ऑर्लँडोच्या हॉरर नाइट्स: एका रात्रीत भुतं जास्त, रांगा कमी

फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल ऑर्लँडो या थीम पार्कच्या ‘हॅलोवीन हॉरर नाइट्स’ या भुताटकीच्या रात्रींहून परतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: भुतं थोडी, रांगाच फार. पैसे गेले, पाय गेले आणि दहापैकी चारच भुताची घरं बघून झाली. यात भुतांचा दोष नाही. हिशेब न करता गेलं की हेच होतं.

तेव्हा आधी हिशेब. १९९१ मध्ये तीन रात्रींच्या ‘फ्राइट नाइट्स’ने सुरू झालेला हा प्रकार आता ऑगस्टच्या शेवटी चालू होतो आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत निवडक रात्री चालतो. अलीकडे दर वर्षी दहा भुताची घरं असतात आणि चार-पाच ‘स्केअर झोन’, म्हणजे जिथे कलाकार रस्त्यावरच गाठून घाबरवतात असे भाग. वेळ साधारण संध्याकाळी ६.३० ते रात्री २, म्हणजे ४५० मिनिटं. रांगेत ६० मिनिटं, घरातून चालत बाहेर पडायला ५, पुढच्या घरापर्यंत १०. एका घराला ७५ मिनिटं धरली तर रात्रीत सहा घरं होतात, आणि यात खाणं, पाणी, स्वच्छतागृह काहीच धरलेलं नाही. ऑक्टोबरातल्या शनिवारी गाजलेल्या घराची रांग शंभर मिनिटांच्याही पुढे जाते, तेव्हा सहाची चार होतात.

म्हणून तिकिटाची तारीख हाच सगळ्यात मोठा निर्णय. तिकीट तारखेनुसार असतं आणि गर्दीप्रमाणे महाग होत जातं. सप्टेंबरातला बुधवार किंवा रविवार स्वस्तही आणि मोकळाही. ऑक्टोबरातले शुक्रवार-शनिवार शक्यतो टाळाच. सप्टेंबर धरला की पितृपंधरवडा बऱ्याचदा मध्येच येतो. घरातल्या मोठ्यांना ‘या दिवसांत भुतं बघायला?’ हे पटवणं तुमच्यावर. उशिराची तारीख धरली तर दिवाळीचं कॅलेंडर बघून घ्या; २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती, आणि रात्री दोनला पार्कातून निघून पहाटे उटणं लावणं सगळ्यांना झेपत नाही.

तिकीट घेताना फसगत होते ती अशी: दिवसाचं तिकीट, बहुतेक वार्षिक पास किंवा हॉटेलबरोबर फुकट मिळालेला एक्स्प्रेस पास (आखूड रांगेतून आत सोडणारा), यातलं काहीही या रात्रीला चालत नाही. रात्रीचं तिकीट वेगळं, रात्रीचा एक्स्प्रेस वेगळा. हा एक्स्प्रेस प्रत्येक घराला एकदाच वापरता येतो आणि त्याची किंमत पुष्कळदा मूळ तिकिटापेक्षा जास्त असते. सप्टेंबरच्या मधल्या वारी तो घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ऑक्टोबरच्या शनिवारीच जाणं भाग असेल आणि पुन्हा येणं होणार नसेल, तर मात्र नाक मुठीत धरून घ्या. तिथेच राहणाऱ्यांनी एका रात्रीचं तिकीट काढण्याआधी अनेक रात्रींच्या पासाचा दर बघावा. दोन-तीनदा जायचं असेल तर तो बऱ्याचदा परवडतो.

एक्स्प्रेस न घेता रांग चुकवायचा खरा मार्ग म्हणजे ‘स्टे अँड स्क्रीम’. त्यासाठी त्याच दिवसाचं युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडाचं (हॉरर नाइट्स याच पार्कात होते) तिकीट आणि त्याच रात्रीचं तिकीट, दोन्ही हातात हवीत. हॉरर नाइट्स असेल त्या दिवशी हा पार्क दिवसाच्या लोकांसाठी ५ वाजता बंद होतो. तुम्ही मात्र बाहेर न जाता आतच नेमून दिलेल्या एखाद्या जागी थांबायचं. तिथे तिकीट तपासून मनगटाला पट्टी बांधतात, आणि मुख्य दरवाजा उघडायच्या आधीच काही घरं या लोकांसाठी सुरू करतात. साडेचारला तिथे पोचा. पावणेपाचला अजून एक राईड करून घेऊ म्हणणारे शेपटाला जाऊन उभे राहतात. थांबायच्या जागा आणि लवकर उघडणारी घरं दर वर्षी बदलतात, म्हणून आदल्या दिवशी अ‍ॅपवर बघा. त्यातलं सगळ्यात गाजलेलं घर जिथून जवळ पडेल ती जागा पकडा. नीट जमलं तर सातच्या आत दोन-तीन घरं खिशात.

साडेसहाला दरवाजे उघडतात तेव्हा लोंढा पहिल्याच घराच्या रांगेत घुसतो. तुम्ही तेव्हा पार्कच्या मागच्या बाजूला असावं. साडेआठ ते साडेअकरा हा सगळ्यात वाईट काळ. तेव्हा घरांच्या नादी लागू नका. जेवा, एखादी राईड करा, स्केअर झोनमध्ये फिरा. सप्टेंबरच्या मध्यात तिथे सूर्य साडेसातच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे त्याआधी हे झोन पाहिले तर मेकअपचे थर आणि धुराची यंत्रंच दिसतात. बाराच्या पुढे रांगा ओसरू लागतात, आणि दीडनंतर उरलेलं सर्वांत लांब रांगेचं घर धरायचं: दोनला रांग बंद होते, पण रांगेत आधीच उभे असलेल्यांना आत सोडतात.

आता घराच्या आत काय होतं ते. एक खोली घ्या. डाव्या हाताला खाटेवर प्रेत पडलेलं, त्यावर मंद निळा दिवा. नजर तिकडे जाते, जावी म्हणूनच ते तिथे ठेवलेलं असतं. उजवीकडे भिंतीच्याच रंगाचा पडदा, त्यामागे हातभर जागेत कलाकार उभा. तो कळ दाबतो, दिवा लखकन पेटतो, कानाशी आवाज फुटतो आणि तो तुमच्या तोंडाशी येतो. लगेच परत पडद्यामागे, कारण पुढची माणसं येतच असतात. त्याला मागे सरायला काही सेकंद लागतात. समोरचा माणूस नुकताच किंचाळला असेल आणि तुम्ही त्याला चिकटून चालत असाल, तर तुम्हाला दिसतं ते परत जाणारं भूत. पाठमोऱ्या भुताला कोण घाबरणार? म्हणून खोलीच्या तोंडाशी चाल जरा मंद करून पुढच्याशी चार-पाच पावलांचं अंतर पडू द्या. पूर्ण थांबू नका. टॉर्चवाले कर्मचारी लगेच पुढे हाकतात.

ज्याला भीती बघायची आहे पण झेलायची नाही, त्याला मध्ये घ्या आणि पुढच्याच्या मानेकडे नजर ठेवून चालायला सांगा. दचकल्यावर ज्यांचा हात आपोआप उठतो त्यांनी हाताची घडी घालावी. कलाकार तुम्हाला हात लावत नाहीत, पण तुम्ही लावलात तर बाहेरचा रस्ता दाखवतात. घरात फोटो-व्हिडिओ चालत नाही. स्केअर झोनमध्ये जो मागे सरतो त्याच्याच मागे भूत लागतं. यांत्रिक करवत घेऊन धावणाऱ्याला बघून पळू नका, तिची साखळी काढलेली असते.

पोशाख करून जाऊ नका: वेशभूषा आणि मुखवटे या रात्री चालत नाहीत, दरवाजावरून परत पाठवतात. बंद, मळखाऊ बूट आणि सुती नव्हे तर पटकन वाळणारे कपडे घाला, कारण तिथली सप्टेंबरची हवा मुंबईच्या ऑक्टोबर हीटसारखीच अंगाला चिकटते आणि दुपारी विजांसह पाऊस ठरलेला. प्लास्टिकचा रेनकोट घडी करून खिशात ठेवा. पाऊस आला की निम्मे लोक वैतागून निघून जातात. तासभर कळ काढली तर पुढच्या रांगा आखूड मिळतात. वादळाचं मात्र वेगळं, ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन चक्रीवादळामुळे पार्क बंद ठेवावा लागला होता. विमानाचं तिकीट काढताना एक रात्र हाताशी राखा.

पाणी विकत घेत बसू नका, खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी पेल्यात फुकट देतात. शाकाहारींना काडीला टोचलेला तळलेला स्पायरल बटाटा सोयीचा. पिझ्झा फ्राईज घेताना वर काय घालतात ते आधी विचारा.

१३ वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं पार्क स्वतःच सांगतो, आणि ते खरं आहे: रक्त, कापलेले अवयव, मद्य प्यायलेली गर्दी. दमा, फेफरं किंवा गरोदरपण असेल त्यांनी धूर आणि लखलखणारे दिवे लक्षात घ्यावेत. लहान मुलं बरोबर असतील तर तिथून जवळच डिस्नेच्या मॅजिक किंग्डममधली ‘मिकीज नॉट-सो-स्केअरी हॅलोवीन पार्टी’ गाठा. तिथे ती नटूनथटून फिरतात आणि पिशवी भरून गोळ्या-चॉकलेटं मिळतात. तिचंही तिकीट वेगळंच.

गाडी लावल्यावर मजला आणि ओळ लिहिलेल्या पाटीचा फोटो काढा. दोनला सगळे एकदम निघतात आणि पार्किंगच्या उतारावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. शेवटचं घर झालं की पार्कबाहेरच्या सिटीवॉक या दुकानं-हॉटेलांच्या भागात अर्धा तास बसा, ज्याने गाडी चालवायची त्याला कॉफी पाजा आणि मगच किल्ली काढा.