संकेतस्थळाच्या रंगसंगतीत छायाचित्रे कशी बसवावीत

कोकणातल्या एका घरगुती उद्योगाचे संकेतस्थळ तयार होत आहे, असे समजू. माल मोजकाच आहे: कोकम आगळ, आमसुले, आंबापोळी आणि कुळथाचे पीठ. रंगही तीनच ठरले आहेत: कोकमाचा गडद लाल, सायीचा पिवळसर पांढरा आणि शेवाळी हिरवा. छायाचित्रे मात्र कधी ओटीवर, कधी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली मोबाइलने काढलेली. एकात निळे प्लास्टिकचे टेबल, तर दुसऱ्यात हिरवेगार केळीचे पान. सगळी एकत्र मांडली की रंगांची नुसती जत्रा भरते. ती आवरायला ‘गिंप’ हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे.

आधी ठरलेल्या रंगांचे आकडे हाताशी घ्यावेत. संकेतस्थळ करणाऱ्याकडून हेक्स कोड, म्हणजे रंगाचे सहा अक्षर-अंकी नाव, मागून ते गिंपच्या रंगखिडकीत भरले, की प्रत्येक रंगाची छटा (रंगचक्रावरची जागा, अंशांत), संपृक्तता (रंगाचा भडकपणा) आणि उजळपणा कळतो. आपला शेवाळी रंग म्हणजे ० ते २५५ या मोजपट्टीवर लाल ७४, हिरवा ९३, निळा ५८. त्याची छटा सुमारे ९३ अंश आणि संपृक्तता ३८ टक्के भरते. हे आकडे कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढे डोळा थकतो आणि थकलेल्या डोळ्याला सगळेच रंग बरे वाटू लागतात.

त्यानंतर चित्राच्या मूळ थराची, म्हणजे लेयरची, प्रत करून तिच्यावरच काम करावे. गिंपच्या २०२५मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत केलेले बरेचसे बदल मागाहूनही सुधारता येतात. जुन्या आवृत्तीत ती सोय नाही.

आता पांढरा तोल साधायचा, म्हणजे प्रकाशामुळे चित्रावर चढलेली रंगाची झाक काढायची. ही पायरी वगळून कोणी थेट रंग चढवायला गेले, तर पुढची सारी मेहनत वाया जाते, म्हणून येथे घाई करू नये. चित्रात जे खरोखर पांढरे किंवा राखाडी आहे, ते शोधावे. आगळाच्या बाटलीमागे ठेवलेली चिनीमातीची बशी चांगली चालते. रंग टिपण्याच्या साधनाने बशीच्या कडेवर टिचकी मारली आणि लाल २०४, हिरवा २१९, निळा २०८ असे आकडे आले, तर ट्यूबलाइटची हिरवट झाक आहे, हे उघड झाले. ‘लेव्हल्स’ या खिडकीतील राखाडी बिंदूचा ड्रॉपर त्याच कडेवर लावावा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे झाले की झाक गेली. ज्या जागी तिन्ही आकडे २५५ आहेत, ती जागा प्रकाशाने जळलेली असते व तिच्यातून काहीच कळत नाही, म्हणून ती निवडू नये.

झाक गेल्यावरही जे खटकते, ते बहुधा पार्श्वभूमीत असते. केळीच्या पानावर रंग टिपला, तर छटा १०५ अंश आणि संपृक्तता ७५ टक्के येते. म्हणजे शेवाळी रंगाशी छटेतले अंतर जेमतेम १२ अंशांचे आहे. खरा बेबनाव संपृक्ततेचा आहे. बहुतेक जण अशा वेळी छटेची सरकपट्टी ओढत बसतात आणि पान निर्जीव दिसू लागते. त्याऐवजी ‘ह्यू-सॅच्युरेशन’मध्ये केवळ हिरवा आणि पिवळा हे भाग निवडून संपृक्तता हळूहळू उतरवावी, मधूनमधून पुन्हा रंग टिपून पाहावा आणि आकडा ४५च्या आसपास आला की थांबावे. निळ्या टेबलाला मात्र आपल्या तीन रंगांत जागाच नाही. निळ्याची संपृक्तता जवळजवळ संपवून त्याचे राखाडी करावे. राखाडीचे कोणाशीही भांडण नसते.

मालाच्या रंगाला हात लावू नये. एकदा मी हौसेने साऱ्याच चित्रांवर गडद लाल थर पसरला होता, आंबापोळी विटेच्या रंगाची झाली आणि “ही फणसपोळी का?” अशी विचारणा आली. तेव्हापासून मी थराला मुखवटा, म्हणजे लेयर मास्क, जोडतो आणि वस्तूवरचा भाग काळ्या ब्रशने झाकतो, म्हणजे बदल फक्त भोवतालावर उमटतो.

मग सर्व चित्रांना एका घरचे करणारा हलका स्पर्श द्यावा. ‘कर्व्ह्‌ज’ या खिडकीत निळा चॅनेल, म्हणजे चित्रातला फक्त निळ्याचा भाग, निवडून रेषेचे वरचे टोक २५५ वरून २४०च्या आसपास उतरवले, की पार्श्वभूमीचा पांढरा सायीकडे झुकतो. हीच मांडणी प्रीसेट (पुन्हा वापरायची तयार मांडणी) म्हणून जतन करून उरलेल्या चित्रांना लावावी. पांढरा तोल मात्र प्रत्येक चित्रात नव्याने साधावा लागतो, कारण ओटीवरचे ऊन आणि ट्यूबलाइट यांना एकच औषध लागू पडत नाही.

निर्यात करण्यापूर्वी रंग-प्रोफाइल, म्हणजे आकड्यांचा नेमका रंग कोणता हे सांगणारी चित्रातली नोंद, संकेतस्थळांवर सर्रास चालणाऱ्या ‘एसआरजीबी’मध्ये बदलून घ्यावे. नवे आयफोन ‘डिस्प्ले पी-३’ या अधिक विस्तृत रंगक्षेत्रात छायाचित्रे साठवतात. प्रोफाइल न बदलताच गळून पडले, तर तेच चित्र संकेतस्थळावर फिके दिसते. जेपीईजीचा दर्जा ८५च्या आसपास ठेवला तरी चालतो.

शेवटी सगळी चित्रे एका पानावर शेजारी-शेजारी मांडून एखाद्या साध्या, स्वस्त मोबाइलवर पाहावीत. मोबाइलचा रात्रीचा पिवळा प्रकाश आधी बंद करावा आणि आगळाची खरी बाटली दिवसाउजेडी पडद्याशेजारी धरावी. बाटलीतला लाल आणि पडद्यावरचा लाल वेगळे दिसले, तर मुखवट्याची कड आधी तपासावी. बहुतेक वेळा रंग तेथूनच वस्तूवर पाझरलेला असतो.