उतारावर ट्रॅक्टर आणि मोअर चालवताना या चुका टाळा

मुळशी, वेल्हे, मावळ, भोर या पट्ट्यात सपाट जमीन मुळातच कमी. खाचरं पायरीपायरीने वर चढतात, वरकस जमीन डोंगराला टेकलेली असते आणि आता त्याच उतारांवर फार्महाऊसचे प्लॉटही पडलेत. पूर्वी जिथे बैल नाहीतर विळाच पोचायचा तिथे आज ट्रॅक्टर जातो. उलटायला लागलेला ट्रॅक्टर सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून चुका उतारात शिरण्याआधीच ओळखायला हव्यात.

अडकलेलं चाक रेस देऊन काढणं

भाताच्या चिखलणीत ही चूक सर्रास होते आणि सगळ्यात जास्त जिवावर बेतणारीही हीच. मागची चाकं रुतली की चालक रेस वाढवतो. काही जण चाकाला लाकडाचा ओंडका बांधतात. इंजिनाचा जोर तर मागच्या धुऱ्यावर येतच असतो. चाक फिरू शकलं नाही की तोच जोर ट्रॅक्टरचं पुढचं धूड वर उचलतो. पुढची चाकं उठल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर सावरण्यापलीकडे जातो आणि दीड सेकंदात चालकाच्या अंगावर येतो. माणसाला काय होतंय ते कळून पाय क्लचवर जाईपर्यंत एवढा वेळ गेलेला असतो.

चाक जागच्या जागी फिरायला लागलं की थांबा. चाकामागचा चिखल उकरा आणि हळू रिव्हर्समध्ये बाहेर या. निघत नसेल तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा, त्यात कमीपणा नाही. एका खाचरातून वरच्या खाचरात जाताना बांध उंच असेल तर ट्रॅक्टर उलटा, म्हणजे रिव्हर्समध्येच चढवा.

हाच धोका साखळी चुकीच्या जागी बांधल्यावरही येतो. ओढायचं ओझं फक्त ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढायच्या दांड्यालाच बांधा. टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा धुऱ्याला साखळी अडकवली की ओढ ड्रॉबारपेक्षा वरून लागते आणि ट्रॅक्टर मागे उलटतो.

ब्रेकची पट्टी न जोडणं

शेतात झटपट वळायला डावा-उजवा ब्रेक वेगळा लागतो, म्हणून दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडणारी पट्टी काढलेली असते. काम संपतं आणि गडी तसाच रस्त्याला लागतो. मग नसरापूर-वेल्हे रस्त्याच्या किंवा दिवे घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गर्रकन वळतो. मागे भरलेली ट्रॉली असेल तर ती ढकलत येते आणि बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. शेतातून बाहेर पडताना पट्टी जोडायची, ही सवयच लावून घ्या.

उतरताना क्लच दाबू नका, न्यूट्रलही करू नका. डिझेल वाचवायला गाडी सोडून देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण इंजिन सुटलं की सगळा भार ब्रेकवर येतो. चढताना जो गिअर लागला असता तोच, किंवा त्याहून खालचा, उतार सुरू होण्याआधी टाका. मध्येच बदलायला जाऊ नका.

आडव्या उतारावर नुसता डोळ्याचा अंदाज

बसून चालवायच्या बऱ्याच मोअरच्या (गवत कापायच्या यंत्राच्या) पुस्तिकेत १५ अंशांची मर्यादा दिलेली असते. डोळ्याला १५ अंश कळत नाहीत, म्हणून मोजा. दहा फुटी सरळ बांबूचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, बांबूवर पाणसळ ठेवून तो आडवा समतल धरा आणि दुसऱ्या टोकाखालची उंची मोजा. ती २ फूट ८ इंचांच्या वर गेली तर उतार १५ अंशांहून जास्त आहे. तिथे बसायचा मोअर नेऊ नका.

उतार मर्यादेत असला तरी वाढलेल्या गवताखाली काय आहे ते दिसत नाही. वरचं चाक दगडावर आणि खालचं खेकड्याच्या बिळात गेलं की तोल संपतो. आधी पायी फिरून घ्या, खड्ड्यांवर काठ्या रोवा. रोटाव्हेटर किंवा स्लॅशर जमिनीलगत ठेवा, मागच्या चाकांमधलं अंतर जास्तीत जास्त करा आणि वेग कमी ठेवा, कारण वेग दुप्पट झाला की वळताना बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. घसरतोय असं वाटलं तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने, खाली वळवा.

बांधाच्या कडेपासून निदान बांधाच्या उंचीइतकं लांब राहा. पावसात भिजलेला बांध पायाखाली टणक लागला तरी ट्रॅक्टरच्या वजनाने ढासळतो.

गवत कापताना

बसायचा मोअर वर-खाली चालवा, हाताने ढकलायचा मात्र आडवा. ढकलायचा वर-खाली चालवला तर पाय घसरून पात्याखाली जाऊ शकतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात सकाळचं दव असतं, तेव्हा ऊन चढून गवत वाळेपर्यंत थांबा. १५ अंशांपुढच्या जागी ब्रश कटर वापरा आणि बाकीच्यांना ५० फूट लांब ठेवा.

मडगार्डवर माणूस, रोल बार घडी केलेला

मडगार्डवर पोराला बसवून शेताला जाणं आपल्याकडे कौतुकाचं असतं. हात जोडून सांगतो, हे करू नका. उतारावर एक हिसका बसला की मूल थेट मागच्या चाकाखाली जातं. सीट एक, माणूस एक.

रोल बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी सीटमागची लोखंडी चौकट, उभा असेल तर सीट बेल्ट लावाच, कारण बेल्टशिवाय तुम्ही त्याच्या आडोशाबाहेर फेकले जाता. पुरंदरला अंजीर, सीताफळाच्या बागेत फांद्या लागतात म्हणून तो घडी करतात. घडी केलेला असताना किंवा रोल बार नसताना बेल्ट बांधू नका, आणि बागेतून बाहेर आल्या आल्या तो उभा करा.

चढात इंजिन बंद पडलं तर

दोन्ही ब्रेक एकत्र दाबून धरा, मागचं अवजार जमिनीवर टेकवा आणि हँडब्रेक लावा. दुसरा माणूस असेल तर त्याला बाजूने येऊन चाकांखाली दगड लावायला सांगा, ट्रॅक्टरच्या खालच्या बाजूला उभं राहू देऊ नका. इंजिन सुरू झाल्यावर पुन्हा वर रेटू नका आणि मध्येच आडवं वळवू नका. दगड काढून, अवजार जेमतेम उचलून, सगळ्यात खालच्या रिव्हर्स गिअरमध्ये सरळ मागे उतरा.