मोटर बदलण्याआधी पाइप तपासा : पाइपलाइनच्या या चुका टाळा

विहिरीजवळ पाइप सोडून मोटर चालवली तर पाणी धो-धो पडतं, लाइन जोडली की वावरात धार बारीक. मग दोष मोटरला आणि पुढच्या हंगामात जास्त एचपीची मोटर. हा खर्च पुष्कळदा वाया जातो, कारण पाण्याचा जोर पाइपच्या आतल्या घर्षणात संपत असतो.

पहिली चूक पाइप निवडतानाच होते. पंपाचं तोंड दोन इंची, म्हणून तीनशे मीटरची लाइनही दोन इंची, म्हणजे ६३ मिमीची. सेकंदाला ५ लिटर पाणी न्यायचं असेल तर या लाइनमध्ये घर्षणातच सुमारे १५ मीटर हेड (पाणी चढवण्याची उंचीत मोजलेली ताकद) जातं. ७५ मिमी टाकला तर साडेसहा, ९० मिमीला जेमतेम अडीच. हे आकडे ४ किलोच्या, म्हणजे दर चौरस सेंमीला ४ किलो दाब सोसणाऱ्या पीव्हीसी पाइपचे आहेत. ६३ हे बाहेरचं माप असतं. ६ किलोच्या पाइपची भिंत जाड, म्हणून आतली जागा आणखी कमी.

मोठी मोटर इथे कामाला येत नाही. त्याच पाइपातून दुप्पट पाणी ढकलायचं तर घर्षण जवळपास चौपट होतं. वीजबिल वाढतं, पाणी थोडंसंच.

व्हॉल्व्ह बंद ठेवून गेज (दाब दाखवणारं मीटर) बघणं हीही फसगतच. पाणी थांबलं की घर्षण शून्य, त्यामुळे दाब भरपूर दिसतो. लाइन चालू ठेवून दोन्ही टोकांना गेज लावा. पंपाजवळ २.५ किलो, शेवटाला ०.२ आणि वावर पंपापेक्षा ८ मीटर उंच असेल, तर १ किलो म्हणजे १० मीटर धरून हिशेब असा : २५ वजा २ वजा ८. उरलेले १५ मीटर घर्षणाचे.

पाइपच्या मापावरून जेवढं अपेक्षित, त्यापेक्षा हे नुकसान फारच जास्त निघालं तर कुठेतरी अडथळा आहे. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, गाळ, तुंबलेला फिल्टर बघा. लाइन उंचवट्यावरून जात असेल तर तिथे हवा अडकते; एअर व्हॉल्व्ह बसवा.

विहिरीच्या काठावर पंप असेल तर सक्शनकडे, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपकडे विशेष लक्ष द्या. तिथे पाणी हवेच्या दाबावरच चढतं, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच. कचऱ्याने भरलेला फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या टोकाचा, पाणी परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) किंवा एखादा जादा एल्बो (वळणाचा जोड) त्यातलंच खातो. सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा (पंपातून पुढे जाणाऱ्या पाइपपेक्षा) एक माप मोठा घ्या आणि फूटव्हॉल्व्ह दर हंगामाआधी वर काढून धुवा.