हलत्या वस्तूंमधली ओढ मोजायला शिकताना

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार हे ठरल्यापासून आपल्याकडच्या बी.एस्सी.च्या मुलांचा एकच प्रश्न असतो, "दादा, यात शिरायचं तर काय शिकू?" बहुतेकांच्या डोक्यात कृष्णविवरं असतात. मी त्यांना टेबलावरच्या प्रयोगाकडे वळवतो: एक वस्तू हलती ठेवायची आणि तिची दुसऱ्या वस्तूवरची गुरुत्वाकर्षणाची ओढ मोजायची. माझी पीएच.डी. यातच झाली.

आधी आकडा बघा. एकेक किलोचे दोन गोळे, केंद्रांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर. त्यांची ओढ भरते सुमारे 6.7 नॅनोन्यूटन. त्यातल्या एका गोळ्याचं वजन याच्या जवळजवळ दीड अब्ज पट. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने ही ओढ मोजायला 1797-98 मध्ये 158 किलोचे शिशाचे गोळे वापरले, आणि हवा तापून हलू नये म्हणून रीडिंग खोलीबाहेरून, दुर्बिणीतून घेतलं.

मग वस्तू हलवायची कशाला? कारण स्थिर ओढ तापमानाबरोबर सरकणाऱ्या रीडिंगमध्ये बुडून जाते. तीच वस्तू ठरलेल्या फ्रिक्वेन्सीने हलवली, की नेमक्या त्या फ्रिक्वेन्सीवरच सिग्नल शोधता येतो. व्हिएन्नाच्या गटाने 2021 मध्ये साधारण 90 मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळ्यांमधली ओढ अशीच पकडली. त्यांना चांगला डेटा मिळाला तो शहर शांत असताना, रात्री आणि नाताळच्या सुट्टीत. 2022 मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने स्वित्झर्लंडमधल्या जुन्या लष्करी किल्ल्यात एक दांडा कंपित करून शेजारच्या दांड्याची हालचाल मोजली. गुरुत्वाकर्षणाच्या स्थिरांकाचं (G) त्यांचं उत्तर प्रमाण मूल्यापेक्षा सुमारे दोन टक्के जास्त आलं. मला तरी हे काम फार मोलाचं वाटतं, कारण हलत्या वस्तूंच्या बाबतीत इतकी काटेकोर मोजणी फार थोड्या लोकांनी केली आहे.

खरी कसोटी पुढे आहे. वस्तू हलवायला मोटर फिरली की टेबलही हादरतं, आणि हादरा ओढीचं सोंग घेतो. म्हणून फिरत्या चकतीवर समोरासमोर दोन सारखी वजनं बसवतात. मोटर एक फेरी मारते तेवढ्यात ओढ दोनदा वरखाली होते, त्यामुळे सिग्नल फिरण्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीवर येतो आणि असंतुलनाचा मुख्य हादरा मूळ फ्रिक्वेन्सीवरच राहतो. तरी थोडा हादरा दुप्पटीवरही सांडतोच. मग चकती ओढ मोजणाऱ्या वस्तूपासून लांब न्यायची. अंतर तिच्या त्रिज्येपेक्षा बरंच जास्त असेल, तर ते दुप्पट केल्यावर ही बदलती ओढ साधारण सोळाव्या हिश्श्यावर येते. जमिनीतून येणारा हादरा असा घटत नाही. शेवटी वजनं काढून मोटर तशीच फिरवायची. सिग्नल तरीही दिसला, तर तो गुरुत्वाकर्षणाचा नाही. अशाच फिरत्या चकत्या व्हर्गो आणि लायगो या गुरुत्वीय लहरींच्या डिटेक्टरांच्या कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे त्यांचं मोजमाप तपासून घ्यायला, वापरून पाहिल्या आहेत.

सुरुवात घरी करता येते. बारीक तारेवर आडवी दांडी टांगा, तिला छोटा आरसा चिकटवा आणि लेझर पॉइंटरचा ठिपका समोरच्या भिंतीवर पाडा. मे महिन्यातली दुपार असली तरी पंखा बंदच हवा. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली की ठिपका थरथरतो, कुणी दार उघडलं की सरकतो. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, पायथॉनमध्ये फूरिए आलेख (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती हालचाल ते दाखवणारा) काढा आणि कोणतं शिखर कशामुळे आलं ते वहीत लिहा. एवढ्याने ओढ मोजली जाणार नाही, पण हादरे ओळखू यायला लागतील.

कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल टाळू नका. लॉक-इन अॅम्प्लिफायर (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल वेचणारं यंत्र), व्हॅक्यूम पंप, लेथ, जिथे जे हाताळायला मिळेल ते हाताळा. एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या सुट्टीतल्या प्रोग्रॅमकडेही लक्ष ठेवा. लायगो-इंडियात इंदूरचं आरआरकॅट हे लेझर आणि त्वरकांचं संशोधन केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्थाही आहे, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या मुलांनाही वाव आहे. मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या. "हे शिखर कशावरून खरं?" असं कुणी विचारलं, तर दाखवायला त्यातच उत्तर असेल.